राखाडी गाळ

विश्वास ही या जगात विकत न मिळणारी एकमेव गोष्ट आहे. मला ती गेल्या दिवाळीनंतर विकत मिळाली. सोबत आरसी बुक, एक किल्ली आणि डाव्या बाजूचा आरसा होता. उजव्या बाजूचा नव्हता.

गाडी सर्जेरावची. भोरच्या कॉलेजात आम्ही दोघांनी एका खोलीत, एका स्टोव्हवर आणि परीक्षेच्या दिवसांत एकाच इस्त्रीच्या शर्टावर दोन वर्षं काढली. मग तो शेती करायला पालीला परतला. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं त्याचं गाव. मी शिकत राहिलो. सव्वीस वर्षांनंतर परिस्थिती अशी, की त्याच्याकडे भातखाचरं, दोन म्हशी आणि गडावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी वाढायचं अंगण आहे, आणि माझ्याकडे बी.एस्सी., बी.एड. आहे.

मी वेल्ह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि भोरला राहतो. मधे दोनदा एसटी बदलावी लागते आणि दुसरी एसटी पहिलीसाठी थांबत नाही. म्हणून गाडी हवी होती. सर्जेरावने नवी घेतली होती, तिला कार्बोरेटरच नव्हता. जुनी अंगणात उभी होती, शंभर सीसीची, चौदा वर्षांची.

"एका हाताची गाडी हाय," सर्जेराव म्हणाला. "कार्बोरेटरला आजपातुर पान्हा लागलेला न्हाई. आईची शपथ."

आई, म्हणजे भामाबाई, तिथंच सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. टाकीच्या झाकणाचं कुलूप गेलेलं होतं. रुपयाचं नाणं खाचेत घालून फिरवलं की झाकण उघडायचं. हा दोष नसून सोय आहे, असं सर्जेरावने सांगितलं. मित्राची गाडी मेकॅनिकला दाखवून घ्यायची नसते. तसं केलं तर मेकॅनिक राहतो, मित्र राहत नाही. मी किल्ली घेतली.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. वेल्ह्याहून भोरला परतताना मार्गासनीला वळलं की पालीचा रस्ता. गाडी आल्यापासून मी दर शनिवारी तिकडं जाऊ लागलो. चहा, पिठलं, सर्जेरावच्या म्हशींची ख्यालीखुशाली, आणि भामाबाईचं "धनाजी, वाळलास रं." गेल्या दहा वर्षांत माझं वजन अकरा किलोंनी वाढलंय, तरी ती हेच म्हणते. त्यामुळं दर शनिवारी जावंसं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, गाडी शाळेला जाताना मार्गासनीच्या अलीकडं खोकली. चोक ओढला की चालू व्हायची, चोक आत ढकलला की बंद. चढाला जास्त पिळली तर एक हुंदका द्यायची आणि गप्प. प्रार्थनेची घंटा वेल्ह्याला झाली तेव्हा मी मार्गासनीच्या फाट्यावर भिमाच्या गॅरेजपुढं उभा होतो.

गॅरेज म्हणजे एक ताडपत्री, एक हवेचा पंप आणि आंब्याच्या फांदीला टांगलेल्या ट्यूबा. भिमा कमी बोलतो. त्यानं कार्बोरेटर काढला, खालची वाटी सोडवली आणि माझ्यापुढं धरली. तळाला राखाडी गाळ बसला होता. बोटावर घेतला तर टाल्कम पावडरीसारखा मऊ.

"कचरा हाय," भिमा म्हणाला.

मी विज्ञानाचा माणूस. कार्बोरेटर समोर उघडा पडलेला असताना गप्प राहणं मला जमत नाही. हवा अरुंद वाटेतून गेली की तिचा वेग कसा वाढतो, दाब कसा उतरतो, त्या उतरलेल्या दाबानं पेट्रोल केसाएवढ्या छिद्रातून वर कसं ओढलं जातं आणि ते छिद्र बुजलं की काय होतं, हे मी त्याला समजावून सांगितलं. भिमा "व्हय सर" म्हणत त्याच छिद्रातून तांब्याच्या तारेचा धागा घालत होता. हवा मारली, वाटी पेट्रोलनं धुतली, स्क्रू अर्धा फेरा फिरवून कान लावला. गाडी म्हशीसारखी शांत उभी राहून रवंथ करू लागली.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा वाटी, पुन्हा राखाडी गाळ.

मी शास्त्रीय पद्धतीनं जायचं ठरवलं. एक वही केली. तारीख, वार, तापमान, पेट्रोल कुठल्या पंपावर घेतलं, गाडी किती किलोमीटरनंतर बंद पडली. पहिला संशय पेट्रोलवर; हल्ली त्यात इथेनॉल असतं, त्याला पाणी सुटतं, असं सगळेच म्हणतात. मी पंप तीनदा बदलला. मग संशय टाकीच्या गंजावर. भिमानं टाकी उतरवली, आत मूठभर नट टाकून खळखळून धुतली. गंज निघाला, तांबडा. गाळ मात्र राखाडी होता. मग हवेची जाळी बदलली. वहीची सतरा पानं भरली. गाडी नेहमी रविवारनंतरच का आजारी पडते, हे त्या सतरा पानांवर तारीखवार लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं.

दर शनिवारी मी हे सगळं सर्जेरावला सांगायचो. तो मान हलवायचा.

"धूळ असंल," म्हणायचा. "रस्त्याचं काम चाललंय."

"धूळ टाकीत कशी जाईल?"

"धुळीचं काय सांगावं," तो म्हणायचा आणि म्हशीकडं जायचा.

पाचव्यांदा वाटी उघडली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. मी दाब आणि वेगाचं पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात भिमा म्हणाला, "सर, एक बोलू का? ही गाडी माझ्या लई वळखीची हाय."

"म्हणजे?"

"सर्जेराव आण्णा आणायचे की. म्हैन्यातनं दोनदा. ह्योच गाळ निघायचा."

"किती दिवस?"

"पाच-सा वर्सं झाली असत्याल." त्यानं वाटी झटकली. "लई येळा उघडलाय मी ह्यो कार्बोरेटर. स्क्रूचं डोकं बघा की, पार गुळगुळीत झालंय."

मी स्क्रूचं डोकं बघितलं. त्यावर खाच म्हणून काही उरलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या ओळखीत एवढा स्पष्ट पुरावा मी सर्जेरावबद्दल कधी पाहिला नव्हता.

फसवला गेलेला माणूस आधी आठवणी तपासतो. कॉलेजात इस्त्रीचा शर्ट तोंडी परीक्षेला त्यानं घातला होता आणि मला लेखीला दिला होता, जिथं शर्ट कुणी बघत नाही. हे मला भोर ते वेल्हे रस्त्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा जाणवलं. माझ्या लग्नात तो वाढायला उभा राहिला होता. तेव्हा त्याचा उदोउदो झाला, माझा झाला नाही. मी असं बरंच गोळा करत गेलो. शनिवारपर्यंत त्याच्याविरुद्धची फाईल तयार होती.

शनिवारी मी गाडी अंगणात नेली नाही, रस्त्यावरच लावली. आत पुण्याचे चार ट्रेकर जेवत होते. सर्जेराव वाढत होता.

"आला का मास्तर! बस, पिठलं गरम हाय."

"कार्बोरेटरला पान्हा लागलेला नाही, असं म्हणाला होतास."

त्याच्या हातातला पळा पातेल्यावर थांबला.

"कोण बोललं?"

"काय बोललं हे नाही विचारलंस. कोण बोललं हे विचारलंस."

त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. "जरा भाईर चल. घरात नको."

"का? शपथ आईची घेतली होतीस. आईसमोरच बोलू."

"धनाजी, हळू बोल."

"सहा वर्षं, महिन्यातून दोनदा! सव्वीस वर्षांत तू मला एकच वस्तू विकलीस आणि ती नासकी निघाली."

"गाडी परत घेतो. आत्ता घेतो. आण किल्ली."

"गाडी नको परत. खोटं बोललास ते परत घे."

ट्रेकर मंडळींनी भाकरी चावायची थांबवली होती. त्यातला एकजण कांदा हातात धरून बसला होता. तो फोडावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. सर्जेरावने निदान काही तरी कारण पुढं करावं, रागवावं, माझ्या इंग्रजीच्या मार्कांवर जावं, अशी माझी अपेक्षा होती. तो नुसता दाराकडं बघत राहिला. मी निघालो. मागून भामाबाई धावली, "धनाजी, चहा तरी घे रं," आणि मी गाडीला किक मारली. नाट्यमय प्रसंगी ती एकदाही पहिल्या किकला चालू झाली नव्हती. त्या दिवशी झाली.

त्यानंतर मी पालीला गेलो नाही. आणि गाडी सुधारली.

पहिल्या आठवड्यात मी विशेष मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात चोक न ओढता चालू होऊ लागली. तिसऱ्यात कापूरहोळच्या पुलावर मी एका नव्या गाडीला मागं टाकलं. मैत्री आणि कार्बोरेटर एकाच दिवशी साफ झाले, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि लोक हसले. घरी माधुरी हसली नाही. माधुरी म्हणजे माझी बायको.

"शनिवारी लवकर घरी येता," ती म्हणाली, "पण तोंड सोमवारचं घेऊन येता. जाऊन या एकदा."

"त्यानं मला फसवलंय."

"मग जाऊन त्याला तसं म्हणा."

"म्हटलंय."

"मग अजून एकदा म्हणा. चहा घेऊन या तेवढा."

मी गेलो नाही. शनिवारी दुपारी भोरच्या घरात काय करतात हे मला माहीत नव्हतं. मी वर्तमानपत्र वाचायचो. सर्जेरावशिवाय वर्तमानपत्रावर चिडायला मजा येत नाही.

पाचव्या शनिवारी मार्गासनीच्या फाट्यावर भामाबाई उभी होती. बाजार झाला होता, पिशवी होती, पालीची गाडी निघून गेलेली. मी दुसरीकडं बघण्याआधी तिनं मला बघितलं.

"धनाजी! बरं झालं बाबा. सोड मला घरी."

तिच्याशी माझं भांडण नव्हतं. ती मागं बसली, पिशवी मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर. गाडी चढाला सुद्धा कुरकुरली नाही. आयुष्यात प्रथमच मला त्या गाडीचा अभिमान वाटला, तोही नेमका सर्जेरावच्या दारात शिरताना.

"उतरू नगंस, बस तसाच," ती म्हणाली. "म्हैना झाला, गाडी कोरडी फिरतीया तुझी."

"कोरडी कुठं? पेट्रोल आहे की."

तिनं कनवटीचं नाणं काढलं, टाकीच्या झाकणात घालून फिरवलं आणि झाकण उचललं. सवयीचा हात होता. मग पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी. पुडीतली चिमूट तिनं कपाळाला लावली, दुसरी चिमूट माझ्या कपाळाला, आणि तिसरी, चांगली तीन बोटांत मावेल एवढी, टाकीत सोडली. झाकण लावलं. टाकीला हात लावून तो हात छातीला लावला.

राखाडी. टाल्कमसारखी मऊ.

"हे काय आहे?" मी विचारलं. मला दिसत होतं काय आहे ते.

"गडावरच्या पद्मावतीचा अंगारा. भाईरनं लावला तर पावसानं जातो, धुतली की जातो. पोटात गेला म्हंजी कसा ऱ्हातो."

"किती दिवस टाकतेस?"

"अमृत गेल्यापासनं. त्या दिवशी गाडीला लावायचा ऱ्हायला व्हता."

अमृत हा सर्जेरावचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी वरंधा घाटात वळणावर त्याची गाडी दरीत गेली. त्याच्या दहाव्याला मी इथंच, या अंगणात बसलो होतो.

मी ज्यासाठी ओळखला जातो ते एक भाषण आहे. 'अंगारे-धुपारे आणि आपण' असा विषय. पासलीपासून हिर्डोशीपर्यंत अकरा गावांत मी ते दिलंय. पालीच्या शाळेतही दिलंय. भामाबाई पहिल्या रांगेत होती. ते सगळं भाषण त्या क्षणी माझ्या तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं.

"मावशे," मी एवढंच म्हणालो, "तू माझं भाषण ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं की. टाळ्या वाजिवल्या. चांगला बोलतोस तू. अंगारा पोटात घेऊ नका, रोग हुतो, डाक्टरकडं जा म्हणलास. तवापासनं म्या माणसाला देत न्हाई. गाडीचं कुठं बोललास?"

ते खरं होतं. गाडीचं मी बोललो नव्हतो.

ती चहा टाकायला आत गेली. सर्जेराव गोठ्याच्या कडेला उभा होता, हातात चाऱ्याची पेंढी. तो केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"व्हय."

"आणि गप्प राहिलास."

"काय सांगणार व्हतो? तू आईपुढं फळा मांडला असतास."

"तिला अडवायचं."

"दोनदा अडवलं. मी घरी येस्तवर ताटावर बसून ऱ्हायली, घास न्हाई घेतला. तिसऱ्यांदा न्हाई अडवलं. भिमाकडं जायला लागलो." त्यानं पेंढी खाली ठेवली. "नव्या गाडीच्या टाकीला कुलूप हाय. तिला सांगितलं, शोरूमवालेच पूजा करून आत घालून देत्यात. तिला पटलं. मग म्हणली, जुनी कुणाला देणार? तिचं कोण बघणार?"

"म्हणून मला दिलीस."

"दुसऱ्या कुणाला इकली असती तर ती बाजारात त्या गाडीमागं पळाली असती पुडी घेऊन. त्यानं हात धरला असता तिचा. काय बाय बोलला असता. तू दर शनिवारी येणार, चहा प्यायला आत बसणार..."

"म्हणजे तू मला गाडी विकलीच नाहीस," मी म्हणालो. "आईची सोय लावलीस माझ्याकडं. आणि ढकलायला मी."

"व्हय."

"आणि शपथ तिचीच घेतलीस."

"ती तिथंच बसली व्हती. खोटी शपथ घेतली तर ती बोलली असती, आन् सगळं तिथंच मोकळं झालं असतं, असं वाटलं. ती बोलली न्हाई. तिला वाटलं, तिच्या अंगाऱ्यामुळंच पान्हा लागला न्हाई."

मला भयंकर राग आला होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. त्यानं मला फसवलं होतं, ठरवून, पाच महिने, चेहरा न हलवता. सव्वीस वर्षांत इतका विचार करून त्यानं माझ्यासाठी दुसरं काहीही केलेलं नव्हतं. भामाबाई चहा घेऊन आली. मी प्यालो. साखर नेहमीसारखी जास्त होती. सर्जेरावशी मी आणखी बोललो नाही, पण त्यानं पुढं केलेल्या पिशवीतले तांदूळ घेतले. निघताना ती म्हणाली, "पुढच्या शनवारी ये, न्हाईतर मला फाट्यावर यावं लागतंय," आणि ही धमकी नव्हती, ती खरंच आली असती.

गाडी मार्गासनीच्या अलीकडं दोन वळणांवर बंद पडली. चिमूट मोठी होती.

भिमा हातपाय धुऊन निघायच्या तयारीत होता. मला ढकलत येताना बघून त्यानं पान्हा पुन्हा काढला. त्यानं वाटी सोडवेपर्यंत मी त्याला सगळं सांगितलं. सांगावंसं वाटलं. अंगारा, अमृत, कुलूप, शपथ. पालीला जावं तर गाडी जाते, न जावं तर माणसं जातात. म्हातारीला अडवावं तर ती उपाशी राहणार, न अडवावं तर मी आयुष्यभर तुझ्या या ताडपत्रीखाली उभा. गाडी विकावी तर म्हातारी पुडी घेऊन कुणाच्या मागं धावणार. मी शिकलेला माणूस, अकरा गावांत भाषणं दिलेला, आणि मला यातून वाट दिसत नाही. मित्रानं मला अशा जागी आणून उभं केलं होतं, जिथून खरं बोलायचं तर एका आईचं ताट उलथावं लागत होतं.

भिमानं सगळं ऐकलं. गाळ बोटावर घेऊन या वेळी त्यानं तो पुसला नाही, कडेच्या दगडावर नीट ठेवला. मग आत गेला आणि डब्यातून अंगठ्याएवढी, पारदर्शक प्लास्टिकची एक नळकांडी घेऊन आला.

"ही काय आहे?"

"फिल्टर. टाकी आन् कार्बोरेटरच्या मधी, पायपात. तुमच्या टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी कवाच फाटलीया. अंगारा हितंच थांबंल, खाली जायाचा न्हाई. दोन म्हैन्यांनी बदलायचा."

"हा तुझ्याकडं होता?"

"डबाभर हाय की."

"मग पाच महिन्यांत एकदाही बोलला नाहीस? सर्जेरावलाही नाही?"

"आण्णांना बोललो व्हतो. ते म्हणले, नको, आईला दिसंल." त्यानं पाईप कापला. "आन् तुमी तर दर टायमाला कार्बोरेटरचं समदं शास्त्र सांगायचा. मला वाटलं, सरांना ठावं असंल, काय तरी कारणानं बसवत नसत्याल."

फिल्टर चाळीस रुपयांना मिळतो. बसवायला पाच मिनिटं लागतात.